मदत हवी आहे: अडचणीच्या काळात अदलाबदलीसाठी घरात कोणते सामान साठवावे?

नमस्कार.

माझे आईवडील दापोली तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या एका वाडीत राहतात आणि मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. पावसाळ्याची बेगमी आमच्याकडे दरवर्षी होतेच. तांदूळ, कडवे वाल, मीठ, मसाला, सुकी मासळी यांच्या बाबतीत आईला माझ्या सल्ल्याची काडीचीही गरज नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. आपल्याला पुरून उरेल आणि पैसा चालेनासा झाला तर दुसऱ्याला देऊन त्याच्याकडून काही घेता येईल, असे कोणते सामान घरात असावे?

हा प्रश्न पडण्याचे कारण म्हणजे 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ. टाळेबंदीमुळे पास काढून मी आठव्या दिवशी घरी पोहोचलो, तेव्हा वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि बँक व एटीएम बंद असल्यामुळे ज्यांच्या खात्यात पैसे होते त्यांच्याही हातात काही नव्हते. माझ्या पाकिटात पाचशेच्या नोटा होत्या. पण सुट्टे नसल्यामुळे दुकानदार त्या घ्यायला तयार नव्हता. आमच्याकडची वीज जवळजवळ महिन्याने आली.

त्या महिन्यात वाडीचा व्यवहार ज्या वस्तूंवर चालला, त्या मी कधी मोलाच्या मानल्या नव्हत्या. वडिलांनी गोठ्याच्या कामातून उरलेले पत्र्याचे हूक आणि वायसर एका बिस्किटाच्या डब्यात ठेवले होते. उडालेले पत्रे लोकांनी शेतातून गोळा करून आणले होते, पण ते बसवायला हूक कोणाकडेच नव्हते, आणि तालुक्याच्या बाजारातले केव्हाच संपले होते. त्या डब्याच्या जोरावर आमच्या आडव्या झालेल्या दोन माडांचे ओंडके कापून बाजूला झाले आणि स्वयंपाकघराची कौलेही शाकारून झाली. ज्यांच्याकडे जनरेटर होता ते लिटरभर पेट्रोलच्या बदल्यात विहिरीचे पाणी टाकीत चढवून देत असत.

तेव्हापासून मी थोडे सामान मुद्दाम साठवू लागलो, आणि त्यात बऱ्याच चुका झाल्या. मेणबत्त्या माळ्यावर ठेवल्या, त्या मे महिन्यात पत्र्याच्या उष्णतेने वाकून एकमेकींना चिकटल्या. साबणाच्या वड्या आणि चहा पावडर एकाच पेटीत ठेवली, त्यामुळे त्या चहाला अजून साबणाचा वास येतो. काड्यापेट्या सादळल्या, आणि दहा किलो तूरडाळीला किडे लागले.

अनुभवी मंडळींना मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कोकणातल्या दमट हवेत कोणते सामान दोन-तीन वर्षे निर्धोक टिकते? ते किती घ्यावे? आणि तिसरा प्रश्न जरा नाजूक आहे: शेजाऱ्यापाजाऱ्यांशी अशी देवघेव करताना मोल कसे ठरवावे? वडिलांनी कोणी किती हूक नेले ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले होते. दिवाळीनंतर बहुतेकांनी नवे आणून दिले, एका घराने मात्र गंजलेले परत केले, आणि त्या घराशी आमचे बोलणे अजून तुटकच आहे.

प्रतिसाद 1

मी रायगडच्या किनाऱ्यावरची. आमच्याकडे या बेगमीला आगोट म्हणतात. माझी आजी सुकी मासळी घेऊन वरच्या गावांत जात असे आणि भात किंवा तांदूळ घेऊन परतत असे. तिच्याकडून शिकलेली गोष्ट अशी की, माप जितके लहान तितका व्यवहार सोपा. पायलीत चार शेर, शेराखाली मापटे, मापट्याखाली चिपटे. त्यामुळे समोरच्याकडे थोडेच धान्य असले तरी त्याला रिकाम्या हाताने जावे लागत नसे. आपण पाच लिटर तेलाचा डबा ठेवला, तर तो फोडून देताना सांडलवंड होणार आणि उरलेले तेल खवट होणार. त्याऐवजी अर्ध्या लिटरच्या पिशव्या, किलोची मिठाची पुडी, दहा रुपयांची साबणाची वडी असे सामान ठेवावे. तुमचे पाचशेच्या नोटेचे झाले, तेच मोठ्या डब्याचेही होते.

मीठ कोरडे राहिले तर वर्षानुवर्षे टिकते. काड्यापेट्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा आणि ती बरणी पावसाळ्यात उगाच उघडू नका. डाळीला चांगले ऊन देऊन एरंडेल चोळावे. तरीही ती वर्षाच्या आत वापरून नवी भरावी. विडी-तंबाखूला अडचणीत मोठी मागणी असते हे खरे, परंतु आपल्याकडच्या पावसात तिला बुरशी येते, आणि मला स्वतःला ती देवघेव पसंत नाही.

प्रतिसाद 2

ताईंशी सहमत आहे. दोन गोष्टी मात्र यादीत घेऊ नयेत. पेट्रोल घरात, विशेषतः प्लास्टिकच्या कॅनमध्ये, साठवून ठेवणे म्हणजे माळ्यावर आग ठेवण्यासारखे आहे. औषधे स्वतःपुरती ठेवावीत. ती बदल्यात देऊ नयेत, कारण कोणाला काय चालते हे आपल्याला कळत नाही, शिवाय औषधविक्रीला परवाना लागतो.

किती घ्यावे याबद्दल माझा नियम साधा आहे: जी वस्तू दोन वर्षांत आपल्याच घरात खपणार नाही, ती साठवू नये. दुसरे महायुद्ध संपल्यावर जर्मनीत सिगारेटी नाण्यासारख्या चालत होत्या आणि जून 1948 मध्ये नवे चलन येताच दुकानांत पुन्हा माल दिसू लागला, हे आपण वाचतो. आपल्याकडचे संकट तितके लांबत नाही. महिन्याभरात बाजार सुरू होतो आणि आपल्याकडे चाळीस ताडपत्र्या पडून राहतात.

मोलाबद्दल म्हणाल तर वाडीत भाव ठरवू नये. सावडीने लावणी करतो तसेच हेही समजावे: आज तुमचे हूक, उद्या त्यांचे हात. जे परत हवेच असेल ते नेतानाच स्पष्ट सांगावे की नवे आणून द्यायचे आहेत. कॅलेंडरवर लिहिले यात गैर काही नाही, पण ते नेणाऱ्याच्या समोर लिहायला हवे होते.

धागाकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. वडिलांना आज फोनवर विचारले. नोंद त्यांनी खरोखरच नंतर, आठवेल तशी केली होती. यंदा मे महिन्यात जाईन तेव्हा तेलाचे डबे न घेता पिशव्या घेईन, मेणबत्त्या माळ्यावरून खाली आणीन, आणि हूक, वायसर, बांधायची तार व नायलॉनचा दोर एवढेच सामान गरजेपेक्षा जास्त ठेवीन. एक शंका अजून उरली आहे. हूक गंजू नयेत म्हणून वडील त्यांना खोबरेल लावून ठेवतात, आणि त्या वासाने डब्याला मुंग्या लागतात. त्याऐवजी ग्रीस लावले तर चालेल का, की त्याने रबराचे वायसर खराब होतील?