अनुभव धागा: अद्भुतकथेतल्या गुरूला नेमके किती ठाऊक असते?

धागाकर्ती, सातारा

साताऱ्यातल्या आमच्या छोट्या वाचनगटात गेले काही महिने एकच वाद रंगला आहे. अद्भुतकथेत नायकाच्या पाठीशी एक वडीलधारे, ज्ञानी पात्र असते. ते नायकाला संकटाच्या वाटेवर धाडते आणि धाडताना अर्धेच सांगते. आमच्यातल्या काहींच्या मते अशा गुरूला शेवटपर्यंतचे सगळे दिसत असते आणि नायक त्याच्या हातातले प्यादे असतो. उरलेल्यांना वाटते की तोही आपल्यासारखाच अंधारात चाचपडत असतो, फक्त चेहऱ्यावर ते दिसू देत नाही.

माझे मत आधीच मांडते. हे गुरू जे लपवतात ते बहुधा ज्ञान नसते, अंदाज असतो. आणि अंदाज लपवणे ही अधिक जोखमीची गोष्ट आहे, कारण जो अंदाज कोणाला सांगितलाच नाही, तो चुकतो आहे हे दाखवून द्यायलाही कोणी उरत नाही. आपण जे वाचले आणि वाचताना जे वाटले ते कृपया सविस्तर लिहावे. मत ज्या प्रसंगावर बेतले आहे तो प्रसंगही सांगावा. कथानकांतली रहस्ये येथे उघड होणार आहेत, याची नोंद घ्यावी.

विश्रामबाग, सांगली, माध्यमिक शाळेतील शिक्षिका

हॅरी पॉटरचा पहिला भाग मी शाळेत असताना मराठी अनुवादात वाचला आणि पुढचे भाग इंग्रजीत, जसजसे हाती आले तसतसे. पहिल्या भागाच्या अखेरीस हॅरी स्वतःच मित्रांना सांगतो की इथे जे काही घडते ते जवळजवळ सगळे शाळेचा मुख्याध्यापक डंबलडोर याला ठाऊक असावे आणि आपल्याला त्याने मुद्दामच संधी दिली असावी. त्या वयात मला या वाक्याचा फार आधार वाटला होता. पुढे शिक्षिका झाल्यावर तोच भाग पुन्हा वाचला तेव्हा दुसरी गोष्ट डोळ्यांत भरली. शाळेत लपवलेला परीस चोरीला जाण्याच्या ऐन घटकेला डंबलडोर खोट्या निरोपावर विसंबून लंडनला गेलेला असतो आणि आपली खरी गरज मागे शाळेतच आहे, हे तिथे पोहोचल्यावर त्याच्या लक्षात येते. ज्याला सगळे ठाऊक आहे, तो असा फसत नाही.

मात्र धागाकर्तीच्या म्हणण्यात मला एक भेद करावासा वाटतो. हॅरी आणि त्याचा वैरी, दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्ट, यांच्याविषयीची भविष्यवाणी डंबलडोरला पक्की ठाऊक होती. व्होल्डेमॉर्टला मला का मारायचे होते, असा प्रश्न अकरा वर्षांचा हॅरी त्याला पहिल्याच भागात विचारतो, आणि त्याचे उत्तर त्याला पाचव्या भागाच्या शेवटी मिळते. हे ज्ञान लपवणेच होते. त्याचे कारण डंबलडोर स्वतः सांगतो: मुलावर जीव जडल्यामुळे त्याच्यावर हे ओझे टाकण्याचे धाडस त्याला झाले नाही. सहाव्या भागात तो अगदी आरंभीच बजावतो की इथून पुढे खात्रीची जमीन संपली असून आपण तर्काच्या प्रदेशात शिरत आहोत. आणि सातव्या भागात, मृत्यूच्या उंबरठ्यावरच्या त्या पांढऱ्या स्वच्छ स्थानकात, मी मरणातून परतू शकेन हे तुम्हाला आधीपासून ठाऊक होते का, असे हॅरी विचारतो तेव्हा उत्तर येते की तो अंदाज होता, मात्र आपले अंदाज सहसा बरोबर ठरतात.

चौथ्या भागात व्होल्डेमॉर्टने नवा देह मिळवण्यासाठी माझे रक्त वापरले, असे हॅरी सांगतो आणि डंबलडोरच्या डोळ्यांत क्षणभर विजयाची चमक दिसते. तो भाग 2000 साली आला, उलगडा 2007 मध्ये झाला. मधली सर्व वर्षे आम्ही मैत्रिणी त्या एका चमकेवर तासन्‌तास बोलत असू. आता मला पटले आहे की हा अंदाज लपवणे भागच होते. आपण बहुधा परत येऊ हे हॅरीला कळले असते, तर जंगलात मरण पत्करायला निघालेल्या त्याच्या चालण्याला काहीच मोल उरले नसते आणि त्या मोलातून त्याच्या सोबत्यांना जे संरक्षण मिळाले, तेही मिळाले नसते. तेव्हा न सांगणे हीच इथे योजनेची अट होती. ही अट मला मान्य आहे. विद्यार्थ्यांसमोर रोज उभी राहत असल्यामुळे ती सहज मात्र स्वीकारवत नाही.

सदर बझार, सातारा. निवृत्त बँक कर्मचारी

माझी बहुतेक नोकरी कर्जविभागात गेली, त्यामुळे कोणी ‘मला ठाऊक होते’ म्हटले की ते कशावरून, असे विचारण्याची सवय जडली आहे. या दृष्टीने पाहता टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला जादूगार गॅन्डाल्फ मला सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण त्याच्या माहितीचा प्रत्येक टप्पा कादंबरीत नोंदलेला आहे.

बिल्बो या हॉबिटला जादूची अंगठी मिळते तेव्हा गॅन्डाल्फला फक्त शंका येते, आणि तीही दोन साध्या गोष्टींवरून: बिल्बो अंगठी कशी मिळाली याची खोटी हकिकत सांगतो आणि पुढे वय वाढूनही म्हातारा दिसत नाही. सारुमान हा त्याच्या मंडळातला ज्येष्ठ आणि अंगठ्यांच्या विद्येतला तज्ज्ञ. जगाचे भवितव्य ठरवणारी ती महाअंगठी नदीतून केव्हाच समुद्रात वाहून गेली, अशी ग्वाही तो देतो आणि गॅन्डाल्फ त्यावर विसंबतो. बिल्बोच्या निरोपाच्या मेजवानीपासून त्याचा वारस फ्रोडो याला सत्य कळेपर्यंत मूळ कादंबरीत 17 वर्षे जातात; चित्रपटात हा काळ जाणवतच नाही, त्यामुळे केवळ चित्रपट पाहणाऱ्यांना गॅन्डाल्फ सर्वज्ञ वाटतो. या वर्षांत तो अंगठीचा आधीचा धनी गॉलम याचा माग काढतो, मिनास तिरिथच्या दप्तरखान्यात जाऊन अंगठी पूर्वी ज्याच्या हाती होती त्या इसिल्डुर राजाचे जुने टिपण शोधतो, त्यात अंगठीवरच्या अक्षरांचे वर्णन वाचतो आणि शेवटी फ्रोडोच्या घरातल्या आगीत अंगठी टाकून ती अक्षरे प्रत्यक्ष पाहतो. त्यानंतरच तो ठामपणे बोलतो. माझ्या लेखी त्याचा दोष गुप्तता राखणे हा नव्हे. वरिष्ठ तज्ज्ञाचा अहवाल त्याने स्वतंत्र पडताळणी न करता बराच काळ ग्राह्य धरला, हा त्याचा दोष आहे. अशा अहवालांवर विसंबून मंजूर झालेली प्रकरणे मी पाहिलेली आहेत, म्हणून हा भाग मला विशेष बोचतो.

याच्या पलीकडची एक हकिकत मला फार मोलाची वाटते. ‘द हॉबिट’ 1937 साली प्रसिद्ध झाले तेव्हा ती अंगठी म्हणजे जगाचे भवितव्य ठरवणारी अंगठी आहे, हे खुद्द लेखकालाच ठाऊक नव्हते. त्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या पैजेत बक्षीस म्हणून अंगठी स्वखुशीने द्यायला तयार असतो. पुढच्या महाकादंबरीशी हे जुळेना, तेव्हा 1951 च्या आवृत्तीत टोल्किनने तो प्रसंग बदलला आणि जुनी हकिकत म्हणजे बिल्बोने सांगितलेली थाप होती, असे ठरवले. म्हणजे गॅन्डाल्फची पहिली शंका ज्या खोटेपणावर उभी आहे, तो खोटेपणा लेखकाच्या फेरविचारातून जन्माला आला. गुरूला किती ठाऊक होते हे विचारताना त्या घडीला लेखकाला किती ठाऊक होते हेही विचारावे, अशी माझी विनंती आहे.

कराड, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

वरच्या काकांच्या मुद्द्याला आणखी एक दाखला जोडतो. ‘स्टार वॉर्स’च्या 1977 च्या चित्रपटात गुरू ओबी-वान नायक ल्यूकला सांगतो की खलनायक डार्थ वेडरने तुझ्या वडिलांना ठार मारले. 1980 मध्ये वेडर स्वतःच ल्यूकचा पिता असल्याचे उघड होते आणि 1983 मध्ये ओबी-वानला आपले जुने बोलणे एका विशिष्ट दृष्टीने खरेच होते, असे समर्थन द्यावे लागते. दुसऱ्या चित्रपटाच्या पटकथेच्या पहिल्या खर्ड्यात ल्यूकचे वडील आणि वेडर या दोन निराळ्या व्यक्ती होत्या. मी हे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहिले, तेव्हा ओबी-वानचा मला मनापासून राग आला होता. खर्ड्याविषयी वाचल्यावर तो राग निवळला, पण ते समर्थन मला अजूनही पटलेले नाही.

वाई, निवृत्त संस्कृत शिक्षक

महाभारताला अद्भुतकथा म्हणावे की नाही, या वादात मी शिरत नाही. परंतु प्रस्तुत प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी आणि फार बारकाईने हाताळला गेला आहे, म्हणून लिहितो.

पांडव वारणावताला निघतात तेव्हा विदुर युधिष्ठिराला सर्वांसमक्ष, परंतु इतरांना उमगणार नाही अशा बोलीत सावध करतो. रान जाळणारा अग्नी बिळात राहणाऱ्या प्राण्याला जाळू शकत नाही, अशा आशयाचे ते बोलणे आहे. युधिष्ठिर ‘समजले’ एवढेच म्हणतो आणि विदुर काय म्हणाला, हे कुंतीला नंतर मुलाला विचारावे लागते. पुढे विदुर खात्रीचा खनक पाठवतो. दुर्योधनाचा माणूस पुरोचन कृष्ण चतुर्दशीच्या रात्री लाक्षागृहाला आग लावणार आहे, ही नेमकी बातमी तोच आणतो आणि भुयारही तोच खणतो. मला हा आदर्श वाटतो. विदुराने आपल्याजवळचे सर्व दिले, फक्त ज्याला द्यायचे त्यालाच पोहोचेल अशा रीतीने दिले.

याच्या उलट कर्णाच्या जन्माचे प्रकरण आहे. कृष्णाला ते ठाऊक होते आणि उद्योगपर्वात शिष्टाई फसल्यावर परतताना तो ते कर्णाला सांगतो. भीष्मालाही ठाऊक होते, आणि शरपंजरी पडल्यावर भेटीला आलेल्या कर्णापाशी तो ते बोलून दाखवतो. युधिष्ठिराला मात्र युद्ध संपून मृतांना तिलांजली देण्याची वेळ येईपर्यंत कोणीही काही सांगत नाही. वर्गात हा भाग शिकवताना मुले नेहमी कुंतीला दोष देत. मी त्यांना भीष्माकडे पाहायला सांगत असे. तिथे अंदाजाचा प्रश्नच नव्हता. म्हणून धागाकर्त्या ताईंचे सूत्र डंबलडोरला लागू पडले, तरी पितामहांना लागू पडत नाही, असे माझे नम्र मत आहे.

मिरज, तंतुवाद्ये बनवणाऱ्या कुटुंबातील

मी तंबोऱ्याची जवारी काढायला काकांकडे शिकले. घोडीचा, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानशीने घासत जायचे, तार लावून ऐकायचे, पुन्हा घासायचे. कुठे थांबायचे हे काका कधीच सांगत नसत. फार विचारले तर ‘ऐक’ एवढेच म्हणत. हे आपल्यापासून काही तरी राखून ठेवतात, असे मला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

त्याच सुमारास अर्सुला ले ग्विनची 1968 सालची पृथ्वीसागराची पहिली कादंबरी वाचनात आली. तिच्यातला ओगिऑन हा भूकंप शांत करणारा जादूगार आहे, पण पाऊस आला तरी तो मंत्राने अडवत नाही, भिजत झोपतो. शिष्य गेड उतावीळ होतो, कारण गुरू काही शिकवतच नाही असे त्याला वाटते. पुढे गेडच्याच मंत्रातून सुटलेली एक दुष्ट सावली त्याच्या पाठीस लागते आणि तो पळून दमतो, तेव्हा ओगिऑन त्याला एवढेच सुचवतो की पळणे सोड, मागे वळ आणि तूच तिचा पाठलाग कर. सावलीचे खरे नाव त्यालाही ठाऊक नसते. ते गेडला स्वतःच उच्चारावे लागते आणि ते त्याचे स्वतःचेच नाव निघते.

येथे ज्ञान आणि अंदाज यांखेरीज तिसरा प्रकार दिसतो, असे मला वाटते. काही गोष्टी गुरूच्या हातात असतात, पण शब्दांत नसतात. काकांनी काहीही लपवले नव्हते. आता मी पुतण्याला शिकवते, आणि नेमके कुठे थांबायचे हे मलाही सांगता येत नाही.

तासगाव, गृहिणी

मी मुलीला झोपताना गोष्टी वाचून दाखवते. टी. एच. व्हाइटच्या आर्थर राजाच्या कादंबरीतला मर्लिन काळाच्या उलट दिशेने जगतो, म्हणजे आपले भविष्य ही त्याची आठवण असते. एवढे ठाऊक असूनही आर्थरची आई कोण हे त्याला सांगायचे तो विसरतो, आणि त्यातून आर्थर अजाणता आपल्याच सावत्र बहिणीच्या पाशात सापडून पुढचा सगळा विनाश ओढवतो. हा भाग मी मुलीला अर्थातच आवरता घेऊन सांगितला. तिने विचारले, ‘आजोबांना सगळं माहीत होतं, मग त्यांनी लिहून का नाही ठेवलं?’ मला उत्तर सुचले नाही. येथे कोणाला सुचल्यास जरूर लिहावे.

सांगली, कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर

विश्रामबागच्या बाईंनी डंबलडोरविषयी जे लिहिले आहे, ते पुढे न्यावेसे वाटते, कारण ज्याला ठाऊक असते त्याच्या खुर्चीवर मला रोज बसावे लागते. तपासणीचा अहवाल हे ज्ञान असते. किती महिने, उपचार लागू पडेल का, हे सारे अंदाज असतात. आमच्याकडे अजूनही पुष्कळदा असे होते की रुग्ण बाहेर बाकावर बसलेला असतो आणि मुलगा किंवा जावई आत येऊन हात जोडतो: ‘डॉक्टरसाहेब, काय असेल ते आम्हाला सांगा, बाबांना सांगू नका.’

म्हणून मला त्या मालिकेतला सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग हॅरीचा वाटत नाही, शाळेतला शिक्षक स्नेप याचा वाटतो. हॅरीला मरावे लागेल, हे डंबलडोर हॅरीला सांगत नाही, स्नेपला सांगतो, आणि योग्य वेळ आल्यावर ते पोहोचवण्याचे कामही त्याच्यावरच सोपवतो. आपण इतकी वर्षे या मुलाला मरण्यासाठीच जपले का, या विचाराने स्नेप हादरतो. मूल परत येईल हा अंदाज मात्र डंबलडोर स्नेपलाही सांगत नाही. म्हणजे निदान नातेवाइकाच्या पदरात आणि आशा डॉक्टरच्या खिशात, अशी ती वाटणी आहे.

हॅरीपासून आशा लपवणे आवश्यक होते, हे बाईंचे म्हणणे मला मान्य आहे. स्नेपपासून ती लपवण्याला थोडा आधार सापडतो, कारण तो शत्रूच्या गोटात वावरत होता आणि त्याचे मन वाचले जाण्याचा धोका होता. तरीही, ज्याच्या हाती निरोप दिला त्या माणसाची काळजी कोणी घेतली, हे मी त्या पुस्तकांत शोधले आणि मला ते कुठेच सापडले नाही. माझ्या खोलीत अलीकडे एक बदल मी केला आहे. मुलाने हात जोडले की मी आधी त्याला बसवतो, तुम्हाला हे एकट्याने किती दिवस पेलवेल, असे विचारतो, आणि बहुतेक वेळा थोड्या वेळाने तो स्वतःच उठून बाबांना आत बोलावतो.