काठ आत येतात ते आडव्या धाग्यामुळे

हातमागावर साधा रुमाल विणताना काठ आत ओढले जातात आणि नेमके काठाचेच धागे तुटतात, असं का होतं ते दोघांनी विचारलंय. मूळ एकच आहे, आडवा धागा ताणून बसतोय. धोटा (आडवा धागा वाहून नेणारी नळी) पार झाला की धागा तिरपा, जरा सैल सोडा, मगच फणी (उभे धागे ज्यातून जातात ती दात्यांची चौकट) ठोका. रुंदी आकसली की काठाचे धागे फणीला घासतात, त्यांची लव (बारीक तंतू) सुटते अन् ते तुटतात.

वीस नंबरच्या (नंबर म्हणजे सुताची बारीकी) दुपदरी सुताला इंचाला साधारण 36 उभे धागे लागतात, म्हणजे 10 इंचांना 360.

आपल्या नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात खळ (पिठाची पेज) दिलेलं सूत फार ठिसूळ होतं. माग कूलरच्या खोलीत ठेवा, झोतात मात्र नको. सकाळी विणलेलं उत्तम.