ताऱ्यांत मूलद्रव्यं कशी बनतात : चाळीस मिनिटांत मुलांना काय दाखवू? (सल्ला हवा)

कोरा_फळा
नमस्कार मंडळी. पुढच्या आठवड्यात चौदा-पंधरा वर्षांच्या तीस मुलांसमोर बोलायचंय. विषय मीच मागून घेतलाय : तारे मूलद्रव्यं कशी तयार करतात. वेळ ४० मिनिटं, भर दुपारी. फळा आहे, प्रोजेक्टर नाही. नवीन काही विकत घ्यायचं नाही. मुलांना आवर्तसारणी तोंडओळखीपुरती ठाऊक आहे. नुसती गोष्ट सांगून यायचं नाही मला. "हे कळलं कसं?" असं कुणी विचारलं तर दाखवायला काहीतरी हवं. कुणी असं केलं असेल तर काय जमलं, काय फसलं ते सांगा.

आठ_इंची
दुर्बीण घ्या, ताई. माझ्याकडे आठ इंची आहे, नऊ वर्षं झाली, एकदाही पश्चात्ताप नाही. मृगातला तेजोमेघ दाखवा, मग काक्षीचा तांबूस रंग आणि राजन्यचा निळसर रंग शेजारी शेजारी. दोघेही शेवटी स्फोट होऊन फुटणारे तारे. हे डोळ्यांनी पाहिलं की मुलांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

रेघोट्या
त्या दुपारी म्हणतायत हो, आणि विकत काही घ्यायचं नाही असंही लिहिलंय. तरीही मी म्हणेन की ग्रेटिंगची फिल्म (बारीक रेघांची, प्रकाशाचे रंग सुटे करणारी पारदर्शक पट्टी) मागवाच. मी आधी मिलिमीटरला १००० रेघांची घेतली आणि फसलो. वर्णपट छत्तीस अंश बाजूला पडतो, मुलं दिव्याकडे सरळ बघत बसतात आणि "काहीच दिसत नाही" म्हणतात. ५०० रेघांच्या फिल्ममध्ये तो सतरा अंशांवर येतो, लगेच सापडतो. दिवा मात्र जुना सीएफएल हवा. पांढऱ्या एलईडीत सलग पट्टा दिसतो, सुट्या रेघा नाहीत.

रात्रपाळी
वर्णपटावरून आठवलं. ज्वाला परीक्षा करायचा मोह होईल, पण मिथेनॉल वापरू नका. एका शाळेत मी हजर होतो. ज्वाला मंद झाली म्हणून बाटलीतून थोडं ओतलं, आणि आग धारेवरून बाटलीकडे उलटी चढली. पहिल्या बाकावरची मुलगी थोडक्यात वाचली. आजही आठवलं की अंगावर काटा येतो. मिठाचं पाणी टोचणीच्या टोकावर घेऊन बर्नरच्या ज्योतीत धरा. सोडियमचा पिवळा तेवढ्यानेही छान दिसतो.

पायरी_पायरीने
माझ्या मते सुरुवात महास्फोटापासूनच व्हायला हवी, नाहीतर मुलं गोंधळतात. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन, हेलियम आणि नखाएवढं लिथियम. पुढे गाडी अडते, कारण ५ आणि ८ वस्तुमानांकाचं एकही स्थिर अणुकेंद्र नाही. दोन हेलियम जोडून झालेलं बेरिलियम-८ सेकंदाच्या अब्जांशाच्या कोट्यंशाच्या आत फुटतं. ताऱ्याच्या पोटात दहा कोटी अंश तापमानाला, प्रचंड दाटीत, तेवढ्या वेळात तिसरा हेलियम येऊन धडकतो आणि कार्बन होतो. एवढ्याने विश्वातला कार्बन पुरत नव्हता. म्हणून खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी १९५३ मध्ये सांगितलं की कार्बनच्या अणुकेंद्राला सुमारे ७.७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टवर एक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या प्रयोगशाळेत शोधली, आणि सापडली!
मग पुढची शिडी. सूर्याच्या २५ पट तारा घ्या : हायड्रोजन सुमारे सत्तर लाख वर्षं जळतो, हेलियम पाच लाख, कार्बन सहाशे, ऑक्सिजन काही महिने, सिलिकॉन जेमतेम एक दिवस. हे सगळं नीट सांगायला मला तीन तासिका लागल्या. तुम्हीही तीन मागून घ्या.

लोहार
शिडीची शेवटची पायरी लोखंड, कारण लोखंडाचं अणुकेंद्र सगळ्यांत घट्ट बांधलेलं. एवढं एकच वाक्य फळ्यावर लिहा. मी नेहमी तिथेच थांबतो.

बंधनऊर्जा
सगळ्यांत घट्ट निकेल-६२ आहे, लोखंड-५६ नाही. शिवाय सिलिकॉननंतर तयार होतं तेही निकेल-५६. ते सहा दिवसांच्या अर्धायुष्याने (म्हणजे निम्मं उरायला लागणाऱ्या वेळाने) कोबाल्ट होतं, कोबाल्ट सत्त्याहत्तर दिवसांच्या अर्धायुष्याने लोखंड. १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलनी मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या दीर्घिकेत, सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट) दिसला, त्याचा उजेड पुढे याच कोबाल्टच्या चालीने मंदावत गेला.

लोहार
फरक दशांशाच्या तिसऱ्या स्थानावर आहे. मुलांना लोखंडच सांगावं.

बंधनऊर्जा
मुलांना चुकीचं का सांगायचं? मोठेपणी तेच डोक्यात राहतं. माझ्या डोक्यात वीस वर्षं राहिलं होतं.

मोरपीस
लोखंडाबद्दल वर आलंच आहे, तरी पुन्हा सांगते : "तुमच्या रक्तातलं लोखंड ताऱ्यातून आलं" इथून सुरू करा. माझ्या वर्गात पिन पडली तरी ऐकू आली असती. आपण सगळे ताऱ्यांची धूळ आहोत, हे मुलांना फार भिडतं.

पायरी_पायरीने
सगळे नाही. शरीरातले निम्म्याहून जास्त अणू हायड्रोजनचे, आणि ते महास्फोटातले. म्हणून म्हणतो, तिथून सुरुवात करा.

सोनसळी
सोन्याचं कुणी बोललंच नाही! सोनं सुपरनोव्हात बनतं, हे सांगा.

बंधनऊर्जा
१७ ऑगस्ट २०१७ नंतर ते इतकं सरळ राहिलेलं नाही. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले, गुरुत्वीय लहरी टिपल्या गेल्या, आणि त्या उजेडाच्या वर्णपटात स्ट्रॉन्शियम ओळखलं गेलं. लोखंडाहून जड मूलद्रव्यं अशा टकरींत बनतात याचा तो थेट पुरावा.

निळी_शाई
लोहारदादा, "लोखंडापाशी थांबतो" म्हणजे पुढचं फक्त स्फोटांत बनतं असं मुलांना वाटेल. म्हाताऱ्या राक्षसी ताऱ्यांत अणुकेंद्रं सावकाश एकेक न्यूट्रॉन गिळत बेरियमपर्यंत, अगदी शिशापर्यंत जातात. १९५२ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पॉल मेरिल यांना अशा ताऱ्यांच्या वर्णपटात टेक्नेशियमच्या रेघा सापडल्या (प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात). त्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही (वेगळ्या वस्तुमानाचा प्रकार) ४२ लाख वर्षांत निम्मा होतो. म्हणजे ते तिथेच, अलीकडेच बनलेलं. पण हे मुलांपुढे नको, जड जाईल. हे आपलं अवांतर.

रेघोट्या
ग्रेटिंगचं काय ठरलं? आणि सीडीचा वर्णपटदर्शक करणार असाल तर मुलांना आधी बजावा की सूर्याकडे रोखायचा नाही. माझ्याकडे एकाने रोखला होता, दोन दिवस डोळ्यासमोर डाग होता त्याच्या.

कोरा_फळा
सगळ्यांचे मनापासून आभार. कोबाल्टचं मला माहीतच नव्हतं, आणि रात्रपाळी, तुमचा इशारा शाळेत सगळ्यांना वाचून दाखवला. पण मी महास्फोटही घेणार नाही, रक्तातलं लोखंडही नाही, फिल्मही मागवत नाही. फक्त टेक्नेशियम घेणार आहे. निळी_शाई, तुम्ही नको म्हणालात तरी.
फळ्यावर आवर्तसारणीची मधली ओळ काढेन आणि ४३ वा चौकोन रिकामा ठेवेन. मेंडेलिव्ह यांनी १८७१ मध्ये तिथे एक मूलद्रव्य असणार असं लिहून ठेवलं होतं. ते सापडलं १९३७ मध्ये, तेही सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात) मारा केलेल्या मॉलिब्डेनमच्या तुकड्यात. म्हणून तर नाव "कृत्रिम" या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं. मग प्रत्येकाला ३० सेंटिमीटरची कागदाची पट्टी. दर वेळी उरलेली निम्मी कापायची, एक काप म्हणजे ४२ लाख वर्षं. काल घरी करून पाहिलं : आठव्या कापाला मिलिमीटरभर धागा उरला, नवव्याला कात्रीत सापडेना. शंभर कोटी वर्षांचा तारा म्हणजे असे २३८ काप. आणि तरी मेरिलना रेघा दिसल्या. इथे मी गप्प बसणार. कुठून आलं, ते मुलांना सांगू दे.

पायरी_पायरीने
पाया न घालता छप्पर घालताय. मला नाही पटत.

आठ_इंची
छान आहे कल्पना. तरी वर्षभरात दुर्बिणीचा विचार करा.

निळी_शाई
करताय तर एक नोंद : ताऱ्यात या मार्गाने बनतं ते टेक्नेशियम-९९, आणि त्याचं अर्धायुष्य सुमारे २ लाख ११ हजार वर्षंच. ४२ लाखांचा आकडा सर्वांत टिकाऊ समस्थानिकाचा. तुमचा मुद्दा दोन्हींनी टिकतो, पण कुणी विचारलं तर तयारी असू द्या.

कोरा_फळा
मग पट्टी वीसपट लवकर संपते! दोन्ही आकडे लिहीन फळ्यावर. पट्ट्या पस्तीस कापून ठेवल्यात, पाच जास्तीच्या.