मदत हवी आहे: मँगनीज क्लोराइडला पाणी सुटलंय

नमस्कार. पुण्यातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. ई. कोलाय जिवाणूच्या कॉम्पिटंट सेल्ससाठी (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणाऱ्या पेशी) बफर बनवायचाय, त्यात मँगनीज क्लोराइड ५५ मिलिमोलर लागतं. माझ्याकडचं टेट्राहायड्रेट आहे (रेणूमागे पाण्याचे चार रेणू), म्हणजे लिटरला १०.८८ ग्रॅम. पण पावसाळ्यात बाटलीचं झाकण सैल राहिलं आणि गुलाबी खड्यांचा ओलसर गोळा झालाय, चमच्याला चिकटतो. वजनावर विश्वास ठेवावा तरी कसा?

सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) चार दिवस ठेवलं, फारसा फरक नाही. ओव्हनमध्ये घातलं नाही, कारण हे मीठ ५८ अंशांच्या आसपास स्वतःच्याच पाण्यात वितळतं. पीएचचं विचाराल म्हणून सांगते: पाइप्स (बफरमधलं पीएच स्थिर ठेवणारं रसायन) आधी केओएचने (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) ६.७ ला आणते, मँगनीज नंतर. उलट केलं की द्रावण तपकिरी होतं, ते एकदा भोगलंय. हातमोजे, मास्क आहेत. टाकाऊ द्रावण सिंकमध्ये न ओतता वेगळ्या कॅनमध्ये साठवते.

नवी बाटली यायला महिना आहे, अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनची (धातूचं प्रमाण मोजणारं उपकरण) सोय नाही. म्हणून १ मोलरच्या आसपासचं स्टॉक द्रावण करून ईडीटीए (धातूला बांधून घेणारं रसायन) टायट्रेशनने नेमकी तीव्रता काढायचा विचार आहे, इरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगसूचक वापरून. पीएच १० ला मँगनीजचं ऑक्सिडेशन होऊ नये म्हणून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड नेमकं कधी आणि किती घालता?