शस्त्रक्रिया निवडताना रेडिएशनच्या खेपाही मोजाव्या लागतात

स्तनाच्या कर्करोगात 'गरीब बाईचा सगळा स्तन काढतात, श्रीमंत बाईचा वाचवतात,' असं म्हणतात. ते पुष्कळसं खरं आहे, पण दोष फक्त डॉक्टरांचा नाही. गाठ लहान असेल तर स्तन राखूनही आयुर्मान तेवढंच मिळतं. मिलान आणि अमेरिकेतल्या चाचण्यांचे 20 वर्षांचे निष्कर्ष 2002 मध्ये आले, त्यात हे स्पष्ट दिसलं. मात्र स्तन राखला की मागाहून रेडिएशन सहसा चुकत नाही. आठवड्याचे पाच दिवस, साधारण तीन आठवडे. महात्मा फुले योजनेत उपचार होतीलही, पण शहरात राहायचं कुठे, सोबत कोण, बुडालेली मजुरी कोण देणार? माझी मावशी मराठवाड्यातल्या खेड्यातली. तिने डॉक्टरांना सरळ सांगितलं, "काढूनच टाका, सोयाबीन कापणीला आलंय." (पुढे काखेतल्या गाठींत रोग निघाला आणि रेडिएशन घ्यावंच लागलं. स्तन काढला की ते टळतंच, असं नाही.)

स्वस्त उपायही आहेत, त्यांची चर्चा मात्र कमी होते. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या चमूने सुमारे 1,600 स्त्रियांवर केलेली चाचणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेआधी 7 ते 10 मिनिटं गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दात काढताना देतात तसं बधिरतेचं इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्यांपैकी 86.4 टक्के स्त्रिया हयात होत्या, दिलेल्यांपैकी 90.1 टक्के. ऑपरेशनआधी डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा.