शीक म्हणजे फक्त नाइल रॉजर्स? मग बर्नार्ड एडवर्ड्सचं काय?

खर्जातला (धागाकर्ता)

गेल्या रविवारी मित्राकडे शीक या अमेरिकन डिस्को बँडचं 'गुड टाइम्स' लागलं होतं. तिथे बसलेल्या एकाने विचारलं, "हा नाइल रॉजर्सचा बँड ना? डॅफ्ट पंकच्या 'गेट लकी'त गिटार वाजवली तो?" मी हो म्हणालो, पण तेव्हापासून ते हो म्हणणं मला टोचतंय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गिटारवाला रॉजर्स आणि बेसवाला बर्नार्ड एडवर्ड्स १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये भेटले. दोघांनी बिग अ‍ॅपल बँड काढला आणि 'न्यूयॉर्क सिटी' नावाच्या गायकांच्या चमूला साथ करत गावोगाव हिंडले. पुढे वॉल्टर मर्फीच्या त्याच नावाच्या वाद्यवृंदाने बेथोव्हनच्या सिंफनीचा डिस्को करून गाजवला, तेव्हा यांना नाव बदलावं लागलं. १९७७ मध्ये नाव शीक झालं. टोनी थॉम्प्सन ड्रमवर आला. १९७८ च्या शेवटी 'ल फ्रीक' अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, १९७९ च्या ऑगस्टमध्ये 'गुड टाइम्स'. १९८३ मध्ये बँड मोडला. मोठी कारकीर्द ती एवढ्याच वर्षांची.

माझं म्हणणं सरळ आहे. शीकची गाणी बेसवर उभी आहेत आणि तो बेस एडवर्ड्सचा आहे. बाकी सगळं, गिटार, व्हायोलिनं, बायकांचे आवाज, त्याच्या अंगावरचे दागिने. तरी आज बँड 'नाइल रॉजर्स अँड शीक' या नावाने फिरतो. हे मला अन्यायाचं वाटतं. तुम्हाला काय वाटतं, बोला.

गिटारवेडी

खर्जातला, तुमची तळमळ कळते, पण 'बाकी सगळं दागिने' हे अजिबात मान्य नाही.

बँडची कल्पनाच रॉजर्सची होती. इंग्लंडमध्ये त्याने रॉक्सी म्युझिक या बँडचा कार्यक्रम पाहिला, उंची कपडे, सगळा थाट, आणि तिथून हे सुटाबुटातलं रूप त्याच्या मनात बसलं. गाण्यात वरवर नाच आणि आत दुसराच अर्थ, हा आग्रहही त्याचा. 'ल फ्रीक'चंच बघा. १९७७ च्या ३१ डिसेंबरला गायिका ग्रेस जोन्सने दोघांना स्टुडिओ ५४ या नाइटक्लबमध्ये बोलावलं होतं, दारवानाने आत घेतलं नाही. घरी येऊन रागारागात दोघं वाजवत बसले आणि ध्रुवपदाच्या जागी त्या दारवानाला घातलेली शिवी होती. ती बदलत बदलत नाचाचं नाव झाली. अपमान गिळून त्याचं असं गाणं करायला डोकं लागतं.

आणि त्याचा उजवा हात कधी नीट पाहिलाय का? तो थांबतच नाही. सोळा मात्रांची खालीवर घासणी अखंड चालू असते. डाव्या हाताची बोटं मात्र तारांवर दाबतात आणि लगेच सैल सोडतात, त्यामुळे सोळातले काहीच ठोके सुरात लागतात, उरलेले नुसते 'चक् चक्' असे कोरडे. तबल्यावर बाया-दाया दोन्ही एकाच हाताने वाजवावेत तसं आहे ते. याला दागिना म्हणता?

खर्जातला

तोच हात! गिटारवेडी, तो हात त्याला कुणी शिकवला? रॉजर्सनेच अनेकदा सांगितलंय की तो आधी जॅझच्या वळणाने वाजवायचा, पोकळ अंगाची बार्नी केसेल गिटार घेऊन. 'फेंडर स्ट्रॅटोकास्टर घे आणि असं वाजव' हे त्याच्या मागे लागून सांगणारा एडवर्ड्सच. मायामीत ती जुनी गिटार देऊन त्याने स्ट्रॅट घेतली. आज तिला 'हिटमेकर' म्हणतात, पण ज्याने ती घ्यायला लावली त्याला कुणी काही म्हणत नाही.

गिटारवेडी

शिकवलं असेल. आपल्याकडेही गुरूने ताना शिकवल्या म्हणून शिष्याची मैफल गुरूच्या नावावर लावत नाहीत.

वाद्यवृंदातला

मी बारा वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवतोय. लग्नं, गणपती, वाढदिवस, सगळं. तेव्हा हातातलं सांगतो.

'गुड टाइम्स'ची ओळ कागदावर सोपी दिसते. पहिल्या तीन मात्रांवर एकच सूर, एक, दोन, तीन. मग एक श्वास, आणि तिथून पटकन वर चढणारी ओळ. सूर कुणीही काढेल. अडतं ते त्या तीन ठोक्यांमधल्या जागेत. प्रत्येक सूर किती धरायचा आणि नेमका कुठे दाबून बंद करायचा, हे जमलं नाही तर गाणं चालतं पण नाचत नाही. मी पहिल्यांदा बसवलं तेव्हा आमचा ड्रमर म्हणाला, "सूर बरोबर आहेत, पण तू घाईत आहेस." मी घाईत नव्हतो, सूर वेळेवर सोडत नव्हतो. महिनाभर फक्त सोडायला शिकलो.

'एव्हरीबडी डान्स'मध्ये तर तो अंगठा आणि तर्जनी जुळवून पिक धरल्यासारखं तारेवर वाजवतो. रॉजर्सची गिटारवरची घासणी तीच बेसवर. पाचव्या मिनिटाला माझं मनगट जड होतं.

माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने. फक्त 'दागिने' शब्द मागे घ्यावा. बेस आणि गिटार एकमेकांच्या मोकळ्या जागेत वाजतात. गिटार काढली तर बेस उघडा पडतो.

खर्जातला

मागे घेतला. बेसवाल्याकडूनच ऐकावं लागलं.

रेकॉर्डसंग्राहक

तुम्ही दोघं वारसाहक्काचा खटला चालवताय, आणि खून कुणी केला ते कुणी विचारत नाही.

१२ जुलै १९७९. शिकागोचं कोमिस्की पार्क. व्हाइट सॉक्स आणि डेट्रॉइट टायगर्स यांचे लागोपाठ दोन बेसबॉल सामने. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने जाहीर केलेलं की डिस्कोची एक रेकॉर्ड आणा, ९८ सेंटमध्ये आत या. मधल्या वेळात मैदानात रेकॉर्डींचा ढीग बारूद लावून उडवला. लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना सोडून द्यावा लागला. त्यात डिस्कोच नव्हे, काळ्या कलाकारांच्या कसल्याही रेकॉर्डी आणल्या होत्या, हे तिथे प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम केलेल्या माणसाने नंतर सांगितलंय. पुढच्याच महिन्यात 'गुड टाइम्स' पहिलं आलं, आणि आठवड्याभरात त्याला द नॅकच्या 'माय शरोना'ने खाली ओढलं. त्यानंतर शीकचं एकही गाणं तिथे पोचलं नाही. रेडिओवाले डिस्को म्हटलं की दार लावत होते.

गंमत बघा, आपल्याकडे हा शब्द तेव्हा कुठे येत होता. १९८० मध्ये 'कुर्बानी'तलं नाझिया हसनचं गाणं, १९८२ मध्ये 'डिस्को डान्सर'. अमेरिकेत जे टाकून दिलं ते मुंबईत नवं कोरं म्हणून वाजत होतं. माझ्या पिढीला डिस्को म्हणजे चकचकीत कपडे एवढंच कळलं, शीक आम्हाला फार उशिरा भेटला.

गिटारवेडी

शिकागोच्या त्या होळीने शीक संपला हे मला पटत नाही. १९८० मध्ये याच दोघांनी डायना रॉससाठी 'डायना' ही एलपी केली. लिहिणारे तेच, निर्माते तेच, वाजवणारा शीकच. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीला तिचं ध्वनिमिश्रण आवडलं नाही, त्यांनी परस्पर नव्याने करून घेतलं, तरीही 'अपसाइड डाउन' चार आठवडे पहिलं राहिलं. म्हणजे लोकांना तो आवाज नको झाला होता असं कुठे दिसतं?

नको झाली ती शीकची पुढची गाणी. 'रिअल पीपल' (१९८०), 'टेक इट ऑफ' (१९८१), 'टंग इन शीक' (१९८२), 'बिलीव्हर' (१९८३). प्रामाणिकपणे सांगा, यातल्या किती एलपी तुम्ही दुसऱ्यांदा लावल्या? चांगला माल दुसऱ्यांना दिला आणि घरी उरलंसुरलं ठेवलं. १९७९ मध्ये सिस्टर स्लेजला 'वी आर फॅमिली' दिलं तेव्हापासूनच हे सुरू झालं होतं.

रेकॉर्डसंग्राहक

'रिअल पीपल' मी विसाव्यांदाही लावेन. आणि तुमच्याच मुद्द्यात माझं उत्तर आहे. तेच वादक, तोच ठेका. वर डायना रॉसचं नाव असलं की पहिला क्रमांक, शीकचं असलं की दार बंद. नावालाच वाळीत टाकलं होतं.

तिहाई

एवढा वेळ वाचतेय. गायिकांचं नाव अजून कुणी घेतलेलं नाही. नॉर्मा जीन राइट, मग लुसी मार्टिन आणि अल्फा अँडरसन. त्या काळात गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, घराण्यातून आलेल्या बायका आवाज उधळून गायच्या. शीकमध्ये दोघी एकाच सुरात, सपाट, हरकत न घेता गातात, जणू दुरून बोलतायत. 'ॲट लास्ट आय ॲम फ्री' ऐका. तो संयम नसता तर बेस ऐकू आला असता का?

आणि थॉम्प्सन. १९८५ मध्ये लाइव्ह एड या मदतनिधीच्या कार्यक्रमात फिलाडेल्फियात लेड झेपेलिन पुन्हा एकत्र आले, तेव्हा ड्रमवर बसलेल्या दोघांत तो होता. डिस्कोवाला म्हणून ज्यांना हिणवलं त्यांच्यातला माणूस रॉकवाल्यांनी बोलावून नेला.

जर्सीकर

इथे न्यू जर्सीला आल्यापासून रॉजर्सचा कार्यक्रम दोनदा पाहिलाय. बेसवर जेरी बार्न्स असतात, उत्तम वाजवतात. रॉजर्स बोवीचं 'लेट्स डान्स', मॅडोनाचं 'लाइक अ व्हर्जिन' अशी आपण केलेली गाणी वाजवतो आणि मधेच थांबून बर्नार्डची आठवण काढतो. २०१० मध्ये त्याला कॅन्सर झाला होता, त्यातून उठून तो हे करतोय. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमसाठी शीकचं नाव अकरा वेळा सुचवलं गेलं, अकराही वेळा नाकारलं. शेवटी २०१७ मध्ये रॉजर्सला एकट्याला वेगळा सन्मान दिला. तो माणूस बँडला जिवंत ठेवतोय. त्याच्यावर अन्यायाचा ठपका कशाला?

खर्जातला

ठपका त्याच्यावर नाही, जर्सीकर. ऐकणाऱ्यांवर आहे, आणि त्या हॉलवर. अकरा वेळा दोघांना नाही म्हणून नंतर एकाला हो म्हणणं, हेच तर मी बोलतोय.

'लाइक अ व्हर्जिन'चं निघालंय म्हणून. त्या एलपीवर रॉजर्स, एडवर्ड्स, थॉम्प्सन तिघंही वाजवतात. १९८४ मध्ये मोडलेला शीक मॅडोनाच्या मागे उभा होता. आणि एडवर्ड्स एकटा पडल्यावर रिकामा बसला नव्हता. रॉबर्ट पामरचं 'ॲडिक्टेड टू लव्ह' त्याच्या निर्मितीतलं, दुरान दुरानचं 'अ व्ह्यू टु अ किल'ही. दोन्ही अमेरिकेत पहिली.

शिवाय 'गुड टाइम्स'ची ती ओळच बघा कुठे कुठे गेली. १९७९ मध्येच शुगरहिल गँगने 'रॅपर्स डिलाइट' तिच्यावर उभं केलं, वादकांकडून पुन्हा वाजवून घेऊन, विचारल्याशिवाय. वकील मधे आल्यावर या दोघांची नावं लागली. १९८० मध्ये क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', पुन्हा तेच तीन ठोके. रॅपची पहिली मोठी रेकॉर्ड बेसच्या ओळीवर उभी राहिली, गिटारवर नाही.

गिटारवेडी

क्वीनच्या गाण्याबद्दल मान्य. त्यांच्या बेसवाल्या जॉन डीकनचं ते गाणं ऐकताना मला नेहमी एडवर्ड्सच आठवतो. पण तुम्ही म्हणता तो रॅपवाला भाग फक्त बेसमुळे नाही. 'गुड टाइम्स'च्या लांब आवृत्तीत मधे सगळं थांबतं, उरतात बेस, ड्रम आणि टाळ्या. मग एकेक वाद्य परत येतं. डीजे तोच तुकडा दोन तबकड्यांवर फिरवत राहायचे. कधी काय काढायचं आणि कधी परत आणायचं, ही रचना दोघांची आहे. मी शेवटपर्यंत 'दोघांची'च म्हणणार.

खर्जातला

दोघांची, चालेल. तेवढं मिळालं तरी मला पुष्कळ आहे.

एक गोष्ट सांगून थांबतो. एप्रिल १९९६, टोकियोचं बुदोकान. रॉजर्सच्या सन्मानार्थ कार्यक्रम. एडवर्ड्स तापाने फणफणलेला, तरी वाजवायला उभा राहिला. गाणं चालू असताना अचानक बेस थांबला. रॉजर्सला वाटलं, वा, काय जागा सोडली! थोड्या वेळाने बेस परत आला. खरं तर एडवर्ड्स क्षणभर शुद्ध हरपून पडला होता. दुसऱ्या दिवशी, १८ तारखेला, हॉटेलच्या खोलीत तो गेलेला सापडला. न्यूमोनिया. वय ४३.

त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण नंतर निघालंय. मी ते लावतो आणि दर वेळी आवाज वाढवतो.

वाद्यवृंदातला

शनिवारी ठाण्यात कार्यक्रम आहे. यादीत 'गुड टाइम्स' घालतोय. मधला तुकडा पूर्ण वाजवणार, कापणार नाही.