रिज : कटक, कणा की सोंड?

लष्करवाली: मुलीच्या हिंदी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात 'लोमोनोसोव कटक' आलंय, इंग्रजीत लोमोनोसोव रिज. आर्क्टिक महासागराच्या तळाशी, उत्तर ध्रुवाजवळून जाणारा डोंगर. आजेसासूबाई म्हणाल्या, "कटक म्हणजे फौज गं! तिथे बर्फाखाली कुणाची फौज?" मराठीत काय म्हणायचं?

जुनापाना: आजींचं बरोबरच आहे. संस्कृतात कटक म्हणजे हातातलं कडं, डोंगराची बाजू, राजाची छावणी आणि सैन्यही. जुन्या मराठीने सैन्य ठेवलं, हिंदी परिभाषेने डोंगर उचलला. तुमचं ग्वाल्हेरचं लष्कर तरी काय? दौलतराव शिंद्यांची छावणी, म्हणजे कटकच. तेही किल्ल्याच्या डोंगराखाली!

दाणाओळीकर: सरळ 'धार' म्हणा की.

जुनापाना: धार निमुळती हवी. हा काही ठिकाणी दोनशे किमी रुंद आहे.

भूगोलवेडा: माझं मत 'कणा'. १९४८ साली हा सोव्हिएत मोहिमेला सापडला. अठराव्या शतकातले शास्त्रज्ञ मिखाइल लोमोनोसोव यांचं नाव दिलं, आणि पुढे लावला 'ख्रेबेत'. रशियनमध्ये ख्रेबेत म्हणजे डोंगररांग आणि पाठीचा कणाही. इंग्रजी रिजचं मूळसुद्धा पाठच. सायबेरियाकडून ग्रीनलंड-कॅनडाकडे सुमारे १८०० किमी गेलेला, तळापासून तीन हजार मीटरांहून उंच, तरी पाण्याखालीच. कणा शोभतो.

वकीलसाहेब: थांबा, या शब्दावर तीन देश अडलेत. १९८२च्या सागरी कायदा कराराचं ७६वं कलम पाहा. 'महासागरी रिज' ठरली तर ती खोल समुद्रतळाची, कुठल्याच देशाच्या समुद्रबूड जमिनीत (किनाऱ्यापुढे पाण्याखाली गेलेल्या, त्या देशाचा हक्क असलेल्या तळात) धरत नाहीत. 'समुद्रतळावरची रिज' ठरली तर हक्क किनाऱ्यापासून ३५० सागरी मैलांपर्यंतच. पण खंडाचाच नैसर्गिक भाग असलेला 'उंचवटा' ठरला तर ती मर्यादा सुटते. त्या उंचवट्यांच्या उदाहरणांत 'स्पर' आहे, म्हणजे आपली डोंगराची सोंड. रशिया, ग्रीनलंडसाठी डेन्मार्क आणि कॅनडा, तिघंही म्हणतात की हा आमच्याच जमिनीचा भाग. म्हणजे नाव रिज, पण रिज कुणालाच नको!

भूगोलवेडा: भूशास्त्र सांगतं की तो सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी युरेशियाच्या कडेपासून तुटलेला खंडाचा तुकडा आहे. तुटलेली सोंड म्हणायची का मग?

लष्करवाली: वहीत 'लोमोनोसोव कणा' लिहून दिलंय. पेपरात मात्र ती 'कटक'च लिहिणार, मार्क हिंदीत मिळतात.